अन्नाचा जमाखर्च

खाल्लेल्या अन्नाचा रोजचा हिशेब ठेवण्याची एक नवी चाल गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांत पडली आहे. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीभातापर्यंत जें जें पोटांत गेलें तें तें मोबाइलमधील अ‍ॅपांत नोंदवावयाचें, मनगटावरील पट्टा जितकीं पावलें सांगेल तितकीं खर्चाच्या बाजूस मांडावयाचीं, आणि निजतांना शिल्लक पाहून संतोष किंवा खेद मानावयाचा, असा हा क्रम आहे. या चालीविषयीं सुशिक्षितांत दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं, आजवर अंदाजानें चाललेला आहार आतां प्रथमच शास्त्राच्या कक्षेंत आला. दुसरा म्हणतो कीं, आमचे आजे-पणजे उष्मांक न मोजतांच दीर्घायुषी झाले, तेव्हां हें सारें रिकामपणाचें वेड होय. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. ज्या आंकड्याची एक पूजा करतो व दुसरा टवाळी करतो, त्या आंकड्याच्या मागें जवळजवळ अडीचशें वर्षांचा इतिहास आहे. तो आंकडा कोणीं काढला, कशासाठीं काढला व कोणाकरितां काढला, हें पाहिल्यावांचून त्याचा अधिकार कोठवर चालतो हें ठरवितां येत नाहीं. तो इतिहास थोडक्यांत सांगून त्यावरून निघणारा निर्णय वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या कथेचा आरंभ एका हिशेबी गृहस्थापासून होतो. आंत्वान लाव्हाझिए हा आधुनिक रसायनशास्त्राचा जनक खरा. परंतु उपजीविकेसाठीं तो फ्रेंच राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळींत भागीदार होता, आणि जमा व खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे ही पेढीवाल्याची वृत्ति त्याच्या प्रयोगशाळेंतहि त्याच्याबरोबर असे. १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत त्यानें व गणिती लाप्लास यानें एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें हें तोललें, आणि तितकाच कर्बवायु निघेपर्यंत कोळसा जाळला असतां किती बर्फ वितळतें याच्याशीं तें ताडून पाहिलें. दोन्ही आंकडे बरेच जवळ आले. श्वसन हें एक मंद ज्वलन आहे, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. पुढें सेगां नांवाच्या आपल्या सहकाऱ्यावरच प्रयोग करून लाव्हाझिएनें दाखविलें कीं, मनुष्य स्वस्थ बसला असतां जेवढा प्राणवायु घेतो त्याहून जेवणानंतर अधिक, व अंगमेहनत करतांना त्याहूनहि पुष्कळ अधिक घेतो. हें दाखवितांनाच त्याच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला: अंगमेहनतीवर जगणारा गरीब मनुष्य आपलें शरीर अधिक जाळतो, आणि ज्याला जाळण्याचें फारसें कारण नाहीं त्या श्रीमंताच्या ताटांत मात्र अधिक अन्न पडतें, हें असें कां? १७९४ च्या मे महिन्यांत इतर मक्तेदारांबरोबर लाव्हाझिएचाहि शिरच्छेद झाला. प्रश्न मात्र मागें राहिला, आणि तो या सर्व इतिहासांत पुन्हां पुन्हां आपल्याला भेटणार आहे.

'कॅलरी' हा शब्द स्वयंपाकघरांतून आलेला नाहीं, तो वाफेच्या यंत्रांच्या अभ्यासांतून आला. १८१९ ते १८२४ या काळांत पॅरिस येथें निकोला क्लेमां हा अध्यापक यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना उष्णतेवर व्याख्यानें देत असे. एक किलोग्रॅम पाण्याची उष्णता एक अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते तिला त्यानें हें नांव दिलें. कोळशापासून इंजिनास किती काम करवून घेतां येईल, हें त्या मापाचें मूळ प्रयोजन. पुढें जर्मनींत शरीरशास्त्रज्ञांनीं तेंच माप मनुष्याला लावलें. म्यूनिक येथील फॉइट याच्या शाळेंत तयार झालेल्या माक्स रूबनर यानें १८९४ सालीं एका कुत्र्याला उष्णतामापक पेटींत ठेवून सिद्ध केलें कीं, अन्नाच्या ज्वलनांतून जितकी उष्णता निघावयास पाहिजे तितकीच त्याच्या देहांतून बाहेर पडते. उष्णतेच्या बाबतींत सजीव देह सृष्टिनियमाला अपवाद नाहीं, हें यानें निश्चित झालें. हा सिद्धांत आजहि अढळ आहे. अ‍ॅपांवर टीका करणाऱ्यांनीं तो नाकारण्याच्या भरीस पडूं नये.

यानंतर रंगभूमीवर येतो विल्बर अ‍ॅटवॉटर. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत मिडलटाउन येथें वेस्लियन विद्यापीठ आहे. तेथें त्यानें रोझा या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाच्या साहाय्यानें एक कोठडी बांधली. ती सुमारें सात फूट लांब व चार फूट रुंद होती. आंत एक खाट, एक खुर्ची व एक मेज. १८९६ पासून कित्येक तरुण या कोठडींत काहीं दिवस राहिले. त्यांना अन्न तोलून आंत दिलें जाई, मलमूत्र तोलून बाहेर काढलें जाई, आणि कोठडींतून वाहणाऱ्या थंड पाण्याच्या नळ्या त्यांच्या देहाची उष्णता वाहून नेत. या प्रयोगांतून, व जोडीला शेंकडों पदार्थांच्या पृथक्करणांतून, अ‍ॅटवॉटरनें तीन सोपे आंकडे काढले: एक ग्रॅम प्रथिनाला चार, एक ग्रॅम पिष्टाला चार व एक ग्रॅम स्निग्धाला नऊ उष्मांक. आज बिस्किटाच्या पुड्यावर किंवा अ‍ॅपाच्या पडद्यावर जो आंकडा दिसतो त्याच्या मुळाशीं हेच तीन आंकडे आहेत. ते सरासरीचे होते हें अ‍ॅटवॉटर पूर्णपणें जाणत असे. एखाद्या कारखान्यांतील मजुरांना किंवा एका वस्तींतील कुटुंबांना थोड्या पैशांत पुरेसें अन्न कसें मिळेल, हा त्याचा प्रश्न होता. हें माप त्यानें बांधलें तें समुदायासाठीं.

पण समुदायासाठीं बांधलेल्या मापानेंहि त्याच्या कर्त्याला दोनदां चकविलें. एका पैशांत अधिकांत अधिक उष्मांक कशांत मिळतील, या एकाच कसोटीनें पाहतां पीठ व द्विदल धान्यें यांपुढें पालेभाज्या व फळें हीं अ‍ॅटवॉटरला चैनीचीं वाटलीं, आणि गरिबांनीं त्यांवर फार पैसा खर्चूं नये असा उपदेश त्यानें केला. जीवनसत्त्वांची कल्पना तेव्हां उदयास आली नव्हती. तिला नांव मिळालें तें १९१२ सालीं, म्हणजे अ‍ॅटवॉटरच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं. मोजतां येत होतें तें त्यानें मोजलें, आणि जें मोजतां येत नव्हतें तें त्याच्या हिशेबांत शून्य ठरलें. दुसरा प्रसंग मद्याचा. १८९९ च्या सुमारास त्याच्या कोठडीनें दाखविलें कीं, मद्यहि देहांत जळतें व उष्णता देतें. मद्यपाननिषेधकांनीं त्याच्यावर झोड उठविली. मद्यविक्रेत्यांनीं आनंदानें त्याचें नांव पुढें केलें. आणि तो बिचारा सज्जन मेथॉडिस्ट दोहोंच्या मध्यें सांपडला. आंकडा खरा होता. परंतु पदार्थ इष्ट कीं अनिष्ट हें सांगण्याचा अधिकार त्या आंकड्याला नव्हता. उष्मांकाच्या मर्यादा आजच्या टीकाकारांनीं शोधून काढल्या असें नव्हे. त्या त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहेत.

अमेरिकेंत हे प्रयोग होण्याच्या वीस वर्षें आधीं आपल्या देशांत अन्न तोलून देण्याचा एक भयंकर प्रयोग होऊन गेला होता. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल याला हिंदुस्थान सरकारनें मद्रास इलाख्यांत पाठविलें. १८७४ सालीं बिहारच्या दुष्काळांत त्यानें सढळ हातानें खर्च केल्याबद्दल त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला होता. या वेळीं त्यानें दुसरें टोक गांठलें. दुष्काळी कामावरील प्रौढ पुरुषाला दिवसास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, असें वेतन त्यानें ठरविलें. आजच्या कोष्टकानें पाहतां एक पौंड धान्य म्हणजे सुमारें साडेपंधराशें उष्मांक होतात, आणि हे लोक खडी फोडीत व माती वाहत होते. मद्रासचा आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यानें या वेतनाविरुद्ध आवाज उठविला. कष्ट करणारा देह एवढ्यावर टिकणार नाहीं, असें शरीरशास्त्राच्या आधारें त्याचें म्हणणें होतें. मुंबई इलाख्यांतहि मजूर कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दुष्काळाच्या हकीकती गोळा करून सरकाराकडे पत्रांवर पत्रें धाडलीं. त्या काळीं सभेच्या हातीं उष्मांकाचें कोष्टक असतें तर मजुराची बाजू तिला किती नेमकेपणानें मांडतां आली असती! आंकड्याची टवाळी करणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्याच्या ताटांत काय पडावें हें दुसराच ठरवितो, त्याच्या हातीं माप असणें हें त्याचें शस्त्र होय.

हें माप समुदायावरून व्यक्तीवर आलें तें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. १९१८ सालीं लॉस एंजलिस येथील डॉक्टर लुलू हंट पीटर्स या बाईंनीं आहार व आरोग्य यांवर एक छोटें पुस्तक लिहिलें, आणि त्यांत उष्मांकांची किल्ली जोडली. बाई स्वतः स्थूल होत्या व हिशेब ठेवून त्यांनीं आपलें वजन पुष्कळ उतरविलें होतें. पावाचा तुकडा म्हणूं नका, पावाचे अमुक उष्मांक म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. पुस्तकाच्या लाखों प्रती खपल्या. हा इतिहासांतील मोठा फेरा आहे. जें माप भुकेल्या मजुराला किती अधिक द्यावें हें ठरविण्यासाठीं निघालें, तें आतां पोटभर खाणाऱ्यानें किती कमी खावें हें सांगूं लागलें. आणि जें हजारोंच्या सरासरीवर बांधलेलें होतें, तें एकेका देहाला कायदा म्हणून लागू झालें.

आजचें अ‍ॅप आपल्याला दिवसाचें जें लक्ष्य ठरवून देतें तें कोठून येतें, हें येथेंच सांगणें योग्य होईल. आपण वय, उंची, वजन व लिंग भरतों. क्षणार्धांत आंकडा उमटतो. त्यामागें एक जुनें समीकरण असतें. अ‍ॅटवॉटरचा सहकारी बेनेडिक्ट व जीवसंख्याशास्त्रज्ञ हॅरिस यांनीं १९१९ सालीं १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मापनांवरून तें पहिल्यानें मांडलें. १९९० सालीं अमेरिकेंतील ४९८ लोकांवरून त्याची नवी आवृत्ति निघाली, आणि पुष्कळ अ‍ॅपें हीच वापरतात. एक पौंड चरबी म्हणजे साडेतीन हजार उष्मांक, म्हणून रोज पांचशें कमी खाल्ल्यास आठवड्यास एक पौंड वजन घटेल, हा नियम १९५८ सालीं विश्नॉफ्स्की या वैद्यानें मांडला. गणित म्हणून तें निर्दोष आहे. परंतु तें देहाला एक निर्जीव कोठार समजतें: रोज इतकें काढलें तर इतक्या दिवसांत रिकामें. देह तसा वागत नाहीं. वजन घटूं लागतांच तो आपला खर्चहि आवरूं लागतो, आणि म्हणून महिन्यांमागून महिने तीच कपात केली तरी वजन तितक्याच वेगानें उतरत राहत नाहीं.

हें किती खरें आहे तें १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यानें केलेल्या प्रयोगानें दिसून आलें. युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हां अन्नावर कसें आणावें हें कळावें, म्हणून शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणाऱ्या ३६ तरुणांनीं आपले देह या प्रयोगास दिले. चोवीस आठवडे त्यांना दिवसास सरासरी सुमारें १५७० उष्मांकांचें अन्न मिळालें. टेंपलच्या एक पौंड धान्याशीं हा आंकडा जवळजवळ जुळतो, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें, आणि देहाचा स्वस्थ बसल्या वेळचा खर्च त्याहूनहि मोठ्या प्रमाणांत खालीं आला. त्यांच्या मनाची अवस्था तर अधिक बोलकी आहे. हीं शहाणीं, निश्चयी माणसें रात्रंदिवस अन्नाचाच विचार करूं लागलीं. कित्येक पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसत. चिडखोरपणा व खिन्नता यांनीं त्यांना घेरलें. आज वजन उतरवूं पाहणाऱ्या स्त्रीला कित्येक अ‍ॅपें बाराशें उष्मांकांचें लक्ष्य बिनदिक्कत देतात. तें पाळवलें नाहीं म्हणजे ती आपल्या मनोदौर्बल्याला दोष देते. तो दोष तिच्या मनाचा नसून देहाच्या स्वसंरक्षणाचा आहे, हें तिला सांगणारें त्या पडद्यावर कोणी नसतें.

आतां पुन्हां आपल्या देशाकडे वळूं. १९३७ सालीं निलगिरींतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेचा चालक एक्रॉइड यानें हिंदी अन्नपदार्थांचें कोष्टक प्रसिद्ध केलें, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पहिल्यानें आपापले आंकडे मिळाले. याच परंपरेंतून पुढें पुण्यांत एक मोठें काम झालें. गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं भारतांतील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. माणशीं दिवसास २२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च येतो हें पाहून १९६०-६१ च्या किंमतींनीं त्यांनीं खेड्यांत दरमहा पंधरा रुपये व शहरांत साडेबावीस रुपये अशी रेषा आंखली, आणि ग्रामीण जनतेपैकीं सुमारें ४० टक्के व नागरी जनतेपैकीं सुमारें ५० टक्के लोक या रेषेखालीं आहेत असें दाखविलें. सार्वजनिक सभेच्या हातीं जें शस्त्र नव्हतें, तें शंभर वर्षांनीं त्याच शहरांतील दोन विद्वानांनीं असें चालविलें. १९७९ सालीं सरकारच्या कार्यगटानें खेड्यांसाठीं २४०० व शहरांसाठीं २१०० हे आंकडे ठरविले, आणि दारिद्र्यरेषा हा शब्द घरोघरीं झाला.

परंतु या आंकड्याला सर्वांत मार्मिक आक्षेप निघाला तोहि पुण्याहूनच. डॉक्टर पां. वा. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत अनेक वर्षें काम करून ते पुण्यास येऊन राहिले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, दोन माणसांच्या गरजा सारख्या नसतात हें तर झालेंच. पण एकाच माणसाची गरज सुद्धां दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलत असते. निरोगी मनुष्य आज सरासरीहून कमी खातो, उद्यां अधिक खातो, आणि देह आंतल्या आंत मेळ घालतो. म्हणून जो जो सरासरीखालीं आढळला तो तो उपाशी, असें मोजणें संख्याशास्त्रास धरून नाहीं. उपासमारीची रेषा सरासरीच्या बरीच खालीं आंखली पाहिजे. यावर मोठा वाद माजला. दांडेकर प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतले. आहारशास्त्रज्ञ गोपालन यांनीं बजावलें कीं, कमी अन्नाशीं देह जुळवून घेतो हें खरें, पण त्याची किंमत तो खुंटलेल्या वाढीनें व घटलेल्या कार्यशक्तीनें भरतो, आणि त्या तडजोडीला आरोग्य म्हणतां येणार नाहीं.

या वादांत कोण जिंकला हें सांगण्याचा आमचा उद्देश नाहीं. त्यांतून निघणारा विवेक मात्र आम्हांस मोलाचा वाटतो. लाखों कुटुंबांची सरासरी घेतली असतां एकाचें कमी व दुसऱ्याचें अधिक हें एकमेकांत पुष्कळ अंशीं विरून जातें, आणि उरलेला आंकडा राष्ट्राची स्थिति सांगतो. तेथें दांडेकर व रथ यांचें माप समर्थ आहे. एका व्यक्तीच्या एका दिवसाकडे आलों म्हणजे सुखात्मे यांचें म्हणणें आठवावें लागतें; तेथें सरासरी ही केवळ एक खूण असते, आज्ञा नव्हे. पुढें २००९ सालीं सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनें दारिद्र्याचें माप उष्मांकांपासून सोडवून आरोग्य व शिक्षण यांचा खर्चहि त्यांत धरला. राज्यकर्त्यांना जें उमगण्यास इतकीं वर्षें लागलीं, तें आमच्या खिशांतील अ‍ॅपांना अजून उमगावयाचें आहे.

या दोन इतिहासांची गांठ एका ठिकाणीं मोठ्या विलक्षण रीतीनें पडलेली आहे. २०११ सालीं नियोजन मंडळानें सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें कीं, शहरांत दिवसास ३२ रुपये खर्च करणारा मनुष्य दारिद्र्यरेषेच्या वर समजावा. त्याच वर्षीं तुषार वशिष्ठ नांवाच्या तरुणानें एका मित्रासह आधीं दिवसास शंभर रुपयांत व मग दारिद्र्यरेषेच्या रकमेंत राहून पाहिलें, आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१२ सालीं, बंगलोर येथें हेल्दीफायमी हें आहार मोजणारें अ‍ॅप सुरू करण्यांत भाग घेतला. ज्या आंकड्यानें गरिबाचें पोट मोजलें, त्याच आंकड्यानें सुखवस्तूचें पोट मोजण्याचा धंदा एकाच माणसाच्या हातून एका वर्षाच्या अंतरानें निघावा, यांत कांहीं विसंगति नाहीं. तें या मापाच्या स्वभावांतच आहे.

आतां या अ‍ॅपांचा उपयोग किती तें निःपक्षपातानें पाहूं. पहिला उपयोग असा कीं, आपण काय खातों हें आपल्याला ठाऊक असतें हा आपला समज बहुधा खोटा असतो. १९९२ सालीं अमेरिकेंत, कमी खाऊनहि वजन उतरत नाहीं असें म्हणणाऱ्या लोकांची सूक्ष्म तपासणी झाली. तेव्हां ते आपला आहार जवळजवळ निम्म्यानें कमी सांगत व श्रम निम्म्यानें फुगवून सांगत, असें आढळलें. त्यांत लबाडी नव्हती, विस्मरण होतें. आपल्याकडे दिवसांतून चार कप चहा, प्रत्येकांत दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेंहून अधिक उष्मांक होतात. पण त्यांना कोणी आहार समजत नाहीं. फोडणींत सैल हातानें पडलेलें तेल, येतां जातां तोंडांत टाकलेला फरसाण, यांचीहि तीच गत. लिहिण्याची शिस्त लागली म्हणजे हें सारें उजेडांत येतें. २००८ सालीं सुमारें १७०० लोकांवर झालेल्या अमेरिकन अभ्यासांत आठवड्यांतून सहा दिवस वही ठेवणाऱ्यांचें वजन वही न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट घटलें. येथें गुण आंकड्याच्या अचूकपणाचा नव्हे, नोंद ठेवण्यांतल्या सावधपणाचा आहे. आणि तो साध्या वहीनेंहि मिळतो.

मर्यादांचा विचार करितां पहिली गोष्ट ही कीं, पडद्यावरचा आंकडा दिसतो तितका पक्का नसतो. अमेरिकन सरकारच्याच शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, एक औंस बदामांतून देहाला १२९ उष्मांक मिळतात, अ‍ॅटवॉटरच्या रीतीनें मात्र ते १७० च्या आसपास भरतात; कारण चावून न फुटलेल्या पेशींतील तेल तसेंच बाहेर पडतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं ५२८ भारतीय पदार्थांचें उत्तम कोष्टक काढलें. परंतु तेथें आहे ती तूरडाळ, आपल्या ताटांत असते ती आमटी. ती कोंकणांत नारळानें दाट होते, देशावर कुटानें, आणि प्रत्येक घरीं तिची फोडणी निराळी. अ‍ॅप मात्र एक वाटी आमटी असें लिहून एक आंकडा ठोकून देतें. खर्चाची बाजू तर याहून कच्ची आहे. २०१७ सालीं स्टॅनफर्ड येथें मनगटावरच्या सात यंत्रांची परीक्षा झाली. नाडीचे ठोके बहुतेकांनीं बरोबर सांगितले, पण खर्चलेल्या उष्मांकांत सर्वांत चांगल्या यंत्राचीहि चूक २७ टक्के निघाली, आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. २०१६ सालीं ४७१ तरुणांवरील दोन वर्षांच्या प्रयोगांत तर असें यंत्र वापरणारांचें वजन ३.५ किलो घटलें व न वापरणारांचें ५.९ किलो. दहा हजार पावलांचा मंत्रहि कोणा वैद्याचा नव्हे. १९६५ सालीं जपानांत विकावयास निघालेल्या पावलें मोजण्याच्या यंत्राचें तें नांव होतें. २०१९ सालीं वृद्ध स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत साडेसात हजारांच्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं, आणि साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांनाहि स्पष्ट लाभ झालेला आढळला.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक हा अ‍ॅपांचा दुसरा देव. तो मूळ बेल्जियमच्या केटले यानें समुदायाचा सरासरी मनुष्य रेखाटण्यासाठीं काढला. २००४ सालीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉक्टर युडकिन यांनीं आपलें दोघांचें छायाचित्र एका वैद्यक नियतकालिकांत छापलें. दोघांचा देहभारांक तोच, २२.३, पण युडकिन यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, पण आंत चरबी धरून बसणारा भारतीय देह मधुमेहाला कां बळी पडतो, याचें मर्म या एका चित्रांत आहे. अशा मनुष्याला परदेशी मोजपट्टीवर बेतलेलें अ‍ॅप निर्धास्तपणें उत्तीर्ण करील!

तिसरी मर्यादा मनाची. सर्वांना हा हिशेब सोसतो असें नाहीं. २०१७ सालीं आहारविकृतीनें पीडित अशा १०५ लोकांची विचारपूस झाली, तेव्हां सुमारें तीन चतुर्थांशांनीं असें एक प्रसिद्ध अ‍ॅप वापरलेलें होतें, आणि त्यांपैकीं ७३ टक्क्यांनीं आपल्या विकारांत त्याचा हात होता असें सांगितलें. अ‍ॅपानेंच विकार जडविला असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण जें मन आधींच अन्नाला भितें त्याच्या हातीं तराजू देणें धोक्याचें आहे, हें निश्चित. कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या आईबापांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहाराच्या मात्रेवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत मात्रेला आंकडा दिलेला नाहीं. ती खाणाऱ्याच्या अग्निबळावर ठेवलेली आहे. आमचे कांहीं मित्र एवढ्यावरून पाश्चात्य मापाला तुच्छ लेखतात. तें आम्हांस मान्य नाहीं. अग्निबळाच्या भाषेंत टेंपलच्या वेतनाला उत्तर देतां आलें नसतें, आणि दारिद्र्याची रेषाहि आंखतां आली नसती. उलट केवळ आंकड्याच्या भाषेंत एका माणसाची भूक सांगतां येत नाहीं. समुदायाला माप पाहिजे, व्यक्तीला मात्रा पाहिजे. एकाचें काम दुसऱ्याकडून करवूं गेलें म्हणजे घोटाळा होतो.

म्हणून आमचा निर्णय असा. ज्याला आपल्या खाण्याचें भान नाहीं त्यानें महिना-दोन महिने अवश्य नोंद ठेवावी. साखर, तेल व येतां जातां खाणें हें कोठून येतें तें शिकून घ्यावें. आणि शिकणें झालें म्हणजे वही मिटावी. शेंपन्नास उष्मांकांच्या फरकाला किंमत देऊं नये, कारण तेवढी चूक मापांतच आहे. मधुमेह, गरोदरपण किंवा वाढीचें वय असेल तर अ‍ॅपाचें न ऐकतां वैद्याचें ऐकावें. आणि दिवसाच्या अखेरीस जमाखर्च जुळला म्हणून समाधान मानणाऱ्यानें लाव्हाझिएचा प्रश्नहि एकदां मनांत आणावा. आपण जें जाळण्यासाठीं पावलें मोजतों, तें मिळविण्यासाठीं आपल्याच गांवांत कोणी डोक्यावर विटा वाहत असतो. त्याचा हिशेब कोणत्याहि अ‍ॅपांत लागत नाहीं. तो लावण्यासाठींच हें माप मुळांत हातीं घेतलें गेलें होतें, आणि तें काम अजून पुरें झालेलें नाहीं.